मुलांना बंदुकीचा आदर शिकवताना: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी मुलांना एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी रायफल, शिकवते. नवीन मूल पहिल्या दिवशी येतं तेव्हा त्याची नजर रायफलवर खिळलेली असते आणि आईवडिलांची माझ्यावर. मुलाला विचारायचं असतं, ‘मला कधी मिळणार?’ पालकांना विचारायचं असतं, ‘याला हे शिकवणं बरोबर आहे ना?’ गेल्या काही वर्षांत पालकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातले बरेचसे नेमबाजीशी काहीच संबंध नसलेल्या घरांमधून आलेले आहेत.

आमच्या घरात बंदूक नाही. मग आमच्या मुलाला हे कशाला शिकवायचं?

मूल फक्त तुमच्याच घरात वावरत नाही म्हणून. मित्राकडे अभ्यासाला जातं, नातेवाइकांकडे राहायला जातं, कुणाच्या तरी गाडीत बसतं. तिथल्या कपाटात, खणात, गाडीच्या कप्प्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. घराजवळ तळं नसलं तरी आपण मुलाला पोहायला शिकवतोच. हे शिकवणं त्याहून सोपं आहे आणि त्याला बंदूक लागत नाही.

आदर म्हणजे नेमकं काय? बंदुकीची भीती घातलेली पुरत नाही का?

नाही पुरत. उलट भीती नको तिथे दगा देते. घाबरवलेलं मूल बंदूक दिसल्यावर तुमच्याकडे येईलच असं नाही. ‘मी तिथे गेलोच का, म्हणून ओरडा बसेल’ या विचाराने ते गप्प बसतं, आणि बंदूक तिथेच राहते. भीती वयाबरोबर ओसरतेही. दहा-बारा वर्षांचं मूल मित्रांसमोर आपण घाबरत नाही हे दाखवायला नेमकी तीच वस्तू उचलतं.

कौतुकाचंही तसंच. ‘बघ, आजोबांची बंदूक!’ म्हणून ती भिंतीवर मिरवली की मुलाला वाटतं, ही हातात घेतली की माणूस मोठा होतो.

आदर म्हणजे या वस्तूने झालेली चूक परत फिरवता येत नाही, हे अंगवळणी पडणं. सुटलेली गोळी कुणाला परत बोलावता येत नाही. हे एकदा पटलं की मूल बंदुकीला घाबरत नाही आणि तिच्याशी खेळतही नाही.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल स्वतः कपाट उघडायला लागलं की. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

‘इतक्या लहान बोटांना चाप ओढता येणार कसा?’ असं अनेक पालक विचारतात. १९९५ साली अमेरिकेत डॉक्टरांनी मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के मुलांनी दोन बोटांनी दहा पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलोचा जोर लावला. बाजारातल्या बहुतेक पिस्तुलांचा चाप तेवढ्या जोरात ओढला जातो. लहान मूल पिस्तूल मोठ्या माणसासारखं धरत नाही, ही आणखी काळजीची गोष्ट. ते पिस्तूल उलटं फिरवून, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चाप दाबतं. त्या वेळी नळी त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे असते.

या वयाला कारणं समजावत बसू नका. फक्त चार गोष्टी करायला शिकवा. ‘का?’ हा प्रश्न सहा-सात वर्षांचं मूल स्वतःच विचारतं, तेव्हा खरं उत्तर द्या.

त्या चार गोष्टी कोणत्या?

थांब. हात लावू नकोस. तिथून निघ. मोठ्या माणसाला सांग.

अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनने १९८८ मध्ये शाळकरी मुलांसाठी साधारण याच चार पायऱ्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि त्या जगभर पसरल्या. बंदुकीविषयी टोकाची वेगवेगळी मतं असलेली माणसंही या चार पायऱ्यांवर सहसा भांडत नाहीत.

तिसरी पायरी सगळ्यांत जास्त विसरली जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मूल स्वतः हात लावत नाही, पण शेजारी उभं राहून मित्र काय करतोय ते बघत बसतं. गोळी बघणाऱ्यालाही लागते. ‘दुसऱ्याने हातात घेतली तर त्याला समजावत बसायचं नाही, हिसकावून घ्यायची नाही, सरळ खोलीच्या बाहेर पडायचं’ हे वेगळं, स्पष्ट सांगावं लागतं. शहाण्या मुलांना तर आवर्जून सांगावं लागतं, कारण मित्राच्या हातातली वस्तू काढून घ्यायला तीच पुढे होतात.

आमच्या मुलीला या चारही पायऱ्या तोंडपाठ आहेत. आता निश्चिंत राहायचं ना?

इथे मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण बहुतेक पालक इथेच थांबतात.

२००१ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांत एका खोलीत थोडा वेळ बसवलं होतं. तिथल्या खणांत पाण्याच्या दोन पिचकाऱ्या होत्या आणि एक खरं पिस्तूल, अर्थात गोळी सुटणार नाही असं केलेलं. संशोधक आरशामागून बघत होते. २९ गटांपैकी २१ गटांना पिस्तूल सापडलं. त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं, किंवा खरं की खोटं ते कळलं नाही.

ते पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीच्या सुरक्षेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

म्हणजे शिकवलेलं होतं, पण ते तोंडात होतं, हातात उतरलं नव्हतं. आग लागली तर काय करायचं हे विचारल्यावर धडाधडा सांगणारं मूल धूर दिसला की पलंगाखाली लपतं, तसंच हे. वाक्य पाठ होणं आणि ती कृती आपोआप होणं यांत सरावाचं अंतर असतं. हे अंतर मापून पाहिलेल्या संशोधकांना वारंवार एकच गोष्ट दिसली आहे: चित्र आणि गाण्यावर शिकलेली मुलं उत्तर बरोबर देतात, पण प्रत्यक्ष करून पाहिलेली मुलं बंदूक दिसल्यावर जास्त वेळा योग्य वागतात.

तरीही शिकवणं वाया जात नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आठ ते बारा वर्षांच्या २२६ मुलांपैकी काहींना बंदुकीच्या सुरक्षेचा फक्त एका मिनिटाचा व्हिडिओ दाखवला, इतरांना मोटारीतल्या सुरक्षेचा. आठवड्याभराने खेळाच्या खोलीत निकामी केलेली पिस्तुलं ठेवली. बंदुकीचा व्हिडिओ पाहिलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी मोठ्या माणसाला जाऊन सांगितलं, दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. पिस्तुलाला हात लावणाऱ्यांचं प्रमाण ६७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आलं. एका मिनिटात एवढा फरक पडतो, हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण ३९ टक्के हा आकडा पुन्हा वाचा. शंभरातल्या एकोणचाळीस मुलांनी हात लावलाच. म्हणून माझ्या वर्गात पालकांना मी पहिलं वाक्य हेच सांगते: मुलाला शिकवा, आणि बंदूक अशी कुलपात ठेवा जणू काही शिकवलेलंच नाही.

मग घरी सराव कसा करून घ्यायचा?

खऱ्या बंदुकीने नाही. पुठ्ठ्याचा तुकडा बंदुकीच्या आकारात कापा, त्याला मुलासमोरच ‘ही आपली सरावाची बंदूक’ असं नाव द्या. आधी तुम्ही करून दाखवा: खण उघडला, दिसली, हात मागे घेतले, वळलात, बाहेर आलात, मोठ्याने सांगितलंत. मग मुलाला करू द्या. चुकलं तर रागावू नका, तिथल्या तिथे पुन्हा करून घ्या. पाच मिनिटं पुरतात.

काही आठवड्यांनी न सांगता तो पुठ्ठा एखाद्या खणात ठेवा आणि मूल काय करतं बघा. सांगायला आलं तर हातातलं काम टाकून त्याच्यासोबत उठा. फोनवर असाल तर फोन ठेवा. मुलाला कळू द्या की ही बातमी आणली की घरातलं मोठं माणूस लगेच उठतं. ‘थांब, नंतर’ असं एकदा ऐकलेलं मूल दुसऱ्यांदा येताना विचार करतं.

जागाही बदलत राहा. फक्त स्वतःच्या खोलीत सराव केलेलं मूल दुसऱ्याच्या घरी गोंधळतं.

घरात परवान्याची बंदूक आहे. ती कशी ठेवावी?

रिकामी, कुलूपबंद. गोळ्या वेगळ्या ठिकाणी, त्याही कुलूपबंद. २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात या चारही सवयी वेगवेगळ्या तपासल्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक सवय मुलांच्या अपघात व आत्महत्या कमी असण्याशी जोडलेली आढळली. चारही पाळता आल्या तर उत्तमच, पण आज रात्री एकच जमत असेल तर ती आजच सुरू करा.

‘वर ठेवली आहे, त्याला माहीतच नाही’ हे मी सगळ्यांत जास्त ऐकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं. बंदूक कुठे आहे हे मुलाला माहीत नाही असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी जागा बरोबर सांगितली. मुलाने ती कधी हाताळलेली नाही असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी आपण ती हाताळल्याचं सांगितलं. आपल्या लहानपणी आईने लपवलेला खाऊ आपल्याला कधी सापडला नव्हता का?

किल्लीचंही बघा. तिजोरी भक्कम आणि किल्ली चपलांच्या कपाटावर असेल तर तिजोरीचा उपयोग नाही. आकड्यांचं कुलूप असेल तर मुलाची जन्मतारीख ठेवू नका, तो आकडा मूल सर्वांत आधी लावून बघतं.

मॅगझीन काढलं की बंदूक रिकामी झाली ना?

नाही. एवढी एकच तांत्रिक गोष्ट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलीच पाहिजे.

मॅगझीन हा गोळ्यांचा साठा. पण गोळी उडते ती चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला एक गोळी बसते त्या जागेतून. एक गोळी आधीच चेंबरमध्ये चढलेली असेल, तर मॅगझीन काढून बाजूला ठेवल्यावरही ती तिथेच असते, आणि बऱ्याच पिस्तुलांतून चाप ओढल्यावर ती सुटते. ‘रिकामी होती’ असं सांगून सुरू होणाऱ्या अपघाताच्या कहाण्यांत बरेचदा ही चेंबरमधली गोळी असते. म्हणून आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड किंवा बोल्ट (चेंबर झाकणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर उघडायचं, डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर बोटानेही चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर स्लाइड मिटताना मॅगझीनमधली नवी गोळी चेंबरमध्ये चढते.

माझ्या लहानपणी आमच्या एका काकांनी ‘रिकामीच आहे’ म्हणत रायफल पुसायला घेतली होती. बार भिंतीत गेला. आम्ही चौघं भावंडं त्या भिंतीपासून दोन हातांवर बसलो होतो. काकांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नंतर त्यांनी एकदाही ‘रिकामी आहे’ हे शब्द उच्चारले नाहीत. ते म्हणायचे, ‘उघडून दाखव.’ मी आज मुलांना तेच म्हणते.

मुलाचं कुतूहल शमवायला त्याला खरी बंदूक दाखवावी का?

तुमच्याकडे परवान्याची असेल, तुम्हाला ती नीट हाताळता येत असेल आणि मूल सूचना ऐकणाऱ्या वयाचं असेल, तर हो, असं माझं मत आहे. झाकलेल्या वस्तूची ओढ जास्त असते. मुलासमोर चेंबर उघडून दाखवा, गोळ्या त्या खोलीत आणूच नका, आणि तुम्ही स्वतः प्रत्येक नियम पाळताना त्याला दिसू द्या. तुम्ही नळी कुठे धरता हे मूल तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतं.

पण यावर भिस्त ठेवू नका. एकदा दाखवल्याने कुतूहल संपतंच असं नाही, काही मुलांचं वाढतं. दाखवल्यामुळे कुलूप सैल करायचं नाही.

खेळण्यातल्या बंदुका द्याव्यात का?

घरोघरी मतं वेगळी असतात आणि मी कुणाशी यावर वाद घालत नाही. दिल्यात तर हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या देऊ नका. कारण वर आलंच आहे: खरं पिस्तूल हातात असताना निम्म्या मुलांना ते खरं आहे हे कळलं नव्हतं.

एअर रायफल म्हणजे खेळण्यातलीच ना?

ही समजूत मी पहिल्याच तासाला मोडते. स्पर्धेतल्या दहा मीटर एअर रायफलमधून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. डोळा कायमचा जायला तेवढं पुष्कळ झालं. शिकारीच्या एअर रायफली याहून कितीतरी जास्त ताकदीच्या असतात. नियम सगळ्या बंदुकांना सारखेच. ते हलक्या रायफलवर शिकायचे, कारण तिला धक्का कमी, आवाज कमी, आणि मुलाचं सगळं लक्ष स्वतःच्या हातांकडे राहतं.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, मुलाला पहिल्यांदा काय शिकवता?

पहिले काही तास छर्रा मिळतच नाही. चार नियम हातात बसवायचे असतात. ते आज ज्या रूपात जगभर शिकवले जातात ते रूप मुख्यतः जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने दिलं. माझ्या शब्दांत सांगायचं तर: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं वागायचं. जे उद्ध्वस्त व्हायला नको, त्यावरून नळी फिरवायची नाही. नजर लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय बार काढायचा नाही.

या नियमांची वीण मला फार आवडते. ते एकमेकांवर पांघरूण घालतात. बोट चुकून चापावर गेलं, पण नळी सुरक्षित दिशेला होती, तर मातीत खड्डा पडतो, माणूस पडत नाही. कुणाला इजा व्हायला एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात. मुलांना हे फळ्यावर रेखाटून दाखवलं की त्यांना नियम जाच वाटत नाही, त्यामागचं डोकं दिसतं.

सगळ्यांत अवघड दुसरा नियम. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा पहिला छर्रा काळ्या वर्तुळात बसतो आणि ती आनंदाने मागे वळते, ‘मॅडम, बघा ना, लागला!’ रायफल हातातच असते. नळी सगळ्या रांगेवरून फिरते. अशा वेळी मी ओरडत नाही, नळीला हात घालून ती लक्ष्याकडे वळवते आणि त्या दिवसाची नेमबाजी तिथे संपवते. पुढच्या खेपेला ती पहिल्यांदा रायफल खाली ठेवते, चेंबर उघडते, ते रिकामं आहे हे दाखवणारी सुरक्षेची रंगीत दोरी त्यात घालते, आणि मग हसते. आनंद आणि शिस्त यांचा हा क्रम बसायला दोन-तीन महिने लागतात.

चौथा नियम मुलांना कळायला आकडा मदत करतो. पॉइंट टू-टू ही रायफलची लहान गोळी समजली जाते, पण ती एक किलोमीटरहून बरीच लांब जाऊ शकते. पाण्यावरून आणि दगडावरून ती उसळी मारते. हवेत मारलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली महिलांच्या दहा मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या बान ह्यो-जिनने जिंकलं तेव्हा ती १६ वर्षांची होती. माझ्या मुलांना तिचं नाव पाठ आहे. त्या वयात तेवढं स्थिर उभं राहायला आधी काय काय अंगवळणी पडावं लागतं, हे त्यांना आता थोडं कळतं.

कान, डोळे आणि शिशाचं काय?

डोळ्यांना संरक्षक चश्मा कायम, एअर रायफलसाठीही. जिथे दारूची काडतुसं वापरतात तिथे कानांना संरक्षण हवंच. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अचानक मोठ्या आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० डेसिबल सुचवली होती. बहुतेक बंदुकांचा आवाज मुलांच्या मर्यादेपलीकडे जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शिशाकडे पालकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित म्हणता येईल असं प्रमाण नाही. रेंजवर खाणंपिणं नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात नाही, घरी गेल्यावर कपडे वेगळे. बंद रेंज असेल तर हवा खेळती आहे का, हे फी भरण्याआधी विचारा.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, जबाबदार आहे. आता त्याला तिजोरीचा आकडा सांगितला तर?

नको. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते आधी बघाच, पण कायद्याने मुभा दिली तरी माझं उत्तर बदलत नाही.

या वयात मला अपघाताहून दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटते. नापास होणं, नातं तुटणं, सगळ्यांसमोर अपमान होणं, यांतलं काहीही या वयात जगबुडीसारखं वाटतं, आणि तो आवेग बरेचदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतो. इतर मार्गांनी केलेल्या प्रयत्नातून अनेक मुलं वाचतात, सावरतात आणि पुढे भरभरून जगतात. बंदूक हाताशी असली तर दहापैकी जवळपास नऊ वेळा ती संधी मिळत नाही. कुलूप त्या काही मिनिटांपुरतं मधे उभं राहतं.

मूल खचलेलं वाटत असेल, एकटं राहत असेल, मरणाची भाषा करत असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेर हलवा, कायदेशीर मार्गाने आणि विश्वासाच्या जागी. त्याला सरळ विचारा, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट अनेक मुलांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

मित्राच्या घरी पाठवताना ‘तुमच्याकडे बंदूक आहे का?’ असं विचारायचं कसं? वाईट वाटेल त्यांना.

इतर प्रश्नांच्या ओघात विचारा. ‘त्याला शेंगदाणे चालत नाहीत. तुमच्याकडे कुत्रा आहे का? घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना?’ पहिल्यांदा जीभ अडखळते, माझीही अडखळली होती. आजवर मला कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. एका आईने तर फोन ठेवल्यावर जाऊन कुलूप तपासलं आणि मला परत फोन केला.

मुलाने खरंच येऊन सांगितलं की बंदूक सापडली, तर मी काय करायचं?

आधी मुलं बाहेर. सगळी, फक्त तुमची नाही. खोलीचं दार बंद करून दाराशी उभं राहा. बंदूक हाताळायचं रीतसर शिक्षण नसेल तर तुम्हीही तिला हात लावू नका, उचलून ‘सुरक्षित’ जागी ठेवायचा मोह आवरा. घर ज्यांचं आहे त्यांना बोलवा. रस्त्यात, बागेत किंवा कुणाची आहे ते न कळणाऱ्या जागी सापडली असेल तर पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत तिथून हलू नका, म्हणजे दुसरं मूल तिथे पोहोचणार नाही.

मग सांगायला आलेल्या मुलाकडे वळा. ते तिथे का गेलं होतं, परवानगी कुणी दिली होती, हे प्रश्न त्या दिवशी विचारू नका. खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघून सांगा की तू बरोबर केलंस. बरीच मुलं अशा वेळी रडतात. रडू द्या, जवळ घ्या.